चोवीस मिनिटांचा घाट

लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिस्त्री म्हटलं की मला आधी हेच दिसतं. लोणावळ्याच्या सडकेवरून ट्रक जात असायचे, धूर असायचा, चिखल उडायचा, आणि हा माणूस त्या सगळ्याकडे पाठ करून इंजिन ऐकत उभा. गाडीचा मालक शेजारी चुळबुळत असे. बऱ्याच वेळाने डोळे उघडून मिस्त्री सांगे, अमुक प्लग गेलाय, अमुक व्हॉल्व्ह बसत नाही. मालकाने "नक्की ना?" असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे.

"घाटाला इचारा. मला कशाला इचारता?"

मी समोरच्या पेट्रोल पंपावर मॅनेजर होतो. मॅनेजर या शब्दाने तुम्ही फसू नका. दांडा मारून पेट्रोल काढणारा मीच, पावती फाडणारा मीच आणि सकाळी पंपापुढचं अंगण झाडणाराही मीच. बिऱ्हाड साताऱ्याकडे होतं. मी पंपामागच्या खोलीत एकटा राहायचो आणि स्वतःच्या हातचं वाईट जेवायचो. स्वभाव तेव्हाही तापटच. गिऱ्हाइकं माझ्याशी कामापुरतं बोलत. त्यामुळे रिकाम्या वेळी मी सडक ओलांडून मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेलाच्या डब्यावर जाऊन बसायचो. तो मला बोलायला लावत नसे आणि स्वतःही फारसा बोलत नसे, म्हणून आमचं जमलं.

तो मूळचा पवन मावळातला, बेडशाच्या बाजूचा. भावाकडे भाताची खाचरं होती. हा तरुणपणी घर सोडून लष्कराच्या एका वर्कशॉपात शिरला आणि तिथून हात काळे करून बाहेर पडला. बरोबर एक मनगटी घड्याळ आणलं होतं, मोठ्या तबकडीचं, सेकंदकाट्याचं. ते घड्याळ तो मनगटावर कधी घालत नसे. ते एका डबीत, पिंजलेल्या कापसात ठेवलेलं असे.

शेडच्या मागच्या अंगाला त्याची स्वतःची गाडी उभी असायची. बुटकी, हिरवट रंगाची जुनी विलायती मोटार. एका बंगल्याचा मालक देश सोडून जाताना ती याच्या गळ्यात टाकून गेला होता. पुस्तकाप्रमाणे तिची ताकद चाळीस घोड्यांची. मिस्त्रीला ते मान्य नव्हतं. "हिच्यात लय ताकद झोपल्याली हाय," तो म्हणायचा. बनवणाऱ्याने भीत भीत बनवलीय, आपण हेड घासू, कार्बोरेटर मोठा बसवू, मग बघा. ही गाडी घाट कसा चढते ते एकदा लोकांना दिसलं की पत्र्याच्या शेडमधून आपण बाहेर पडलो, असं त्याने मनाशी धरलेलं होतं.

आता ताकद मोजायची कशी? आमच्याकडे यंत्र कुठलं? पण घाट होता. दर सोमवारी सकाळी, रहदारी सुरू व्हायच्या आत, मिस्त्री गाडी घेऊन खाली खोपोलीला उतरायचा. खोपोली सोडताना एक वड होता. त्या वडापाशी घड्याळाची वेळ घ्यायची आणि गाडी सोडायची. वर खंडाळ्यात मैलाच्या एका दगडाशी पुन्हा वेळ बघायची. जितका वेळ कमी, तितकी ताकद जास्त. मला ते अगदी चोख वाटलं होतं. तुम्हालाही वाटलं असतं.

घड्याळ धरायला वहिनी असायच्या. मिस्त्रीची बायको म्हणजे अंगाने काडी आणि आवाजाने खणखणीत. चौथी शिकलेली बाई. शाळेच्या एका वहीत त्या वेळ लिहायच्या, अक्षर मोठं, गोल. शेजारी त्या दिवशी इंजिनात काय बदललं तेही लिहायच्या. वहीत खूण म्हणून एक जाड पुठ्ठ्याचं तिकीट घातलेलं असे. लोणावळा स्टेशनावर वजनाचं यंत्र नवीन आलं तेव्हा त्या हौसेने त्यावर उभ्या राहिल्या होत्या. तिकिटाच्या एका बाजूला वजन, चव्वेचाळीस किलो, आणि दुसऱ्या बाजूला भविष्य, प्रवासाचा योग आहे. "योग हाय की भाऊ," त्या मला म्हणाल्या, "सोमवारच्या सोमवारी. खोपोलीपत्तूर."

घाटात मध्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. सायबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर, त्याचं. आजही तिथून जाणारा ड्रायव्हर गाडी हळू करतो आणि नाणं टाकतो. वहिनी तर गाडी पार मुंगीच्या पावलांवर आणायला लावायच्या. नाणं आधी कपाळाला, मग गाडीच्या काचेखालच्या फळीला लावायचं आणि मग पायरीवर पडेल असं बेताने टाकायचं. मिस्त्रीचा जीव वर-खाली. चढावर एकदा वेग मोडला की तो पुन्हा धरायला इंजिनाला किती रक्त आटवावं लागतं ते त्यालाच ठाऊक. हितं माझं अर्धं मिनिट जातं, म्हणून तो दर सोमवारी कुरकुरायचा. वहिनी म्हणायच्या, "देवाला घाई न्हाई. तुमालाच कसली?"

परत आल्यावर माझ्यासाठी खोपोलीच्या बाजारातली सुकट असायची, आणि वेळ असायची चोवीस मिनिटं. कधी पाच सेकंद इकडे, कधी दहा सेकंद तिकडे. मिस्त्रीने प्लग बदलले, फिल्टर बदलला, चाकांतली हवा वाढवली. घाट आपला चोवीसवर बसून.

दुसऱ्यांच्या गाड्यांबाबत मात्र तो शहाणा होता. एकदा एका टॅक्सीवाल्याने हट्टाने सायलेन्सर कापून घेतला. गाडी अशी गर्जायला लागली की गवळीवाड्यातली कुत्री आत पळाली. टॅक्सीवाला दोन दिवसांनी पेढे घेऊन आला, म्हणाला, मिस्त्री, घाटात उडते गाडी. मिस्त्रीने पेढा तोंडात टाकला. तो गेल्यावर मला म्हणाला, "आवाज वाढला, भाऊ. गाडी तेवढीच हाय." आम्ही दोघंही त्या टॅक्सीवाल्याला पोटभर हसलो.

मग एका पावसाळ्यात मिस्त्रीने गाडीचं हेड, म्हणजे इंजिनावरचं लोखंडी झाकण, काढलं. ते घासून पातळ केलं म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबलं जातं आणि धक्का जोराचा बसतो, असा हिशेब. घासायला त्याच्याकडे मशीन नव्हतं. काचेवर पॉलिशची पूड घालून हाताने, तासन्‌तास, आठवडेच्या आठवडे. लोणावळ्याचा पावसाळा तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको. चार महिने भिंतीला हात लावला तर हात ओला. पंपावर दिवसाला चार गाड्या यायच्या. शेडमधून मात्र घासल्याचा एकसुरी आवाज यायचा आणि मधून मधून वहिनींचा खोकला.

खोकल्याचा ताप झाला तेव्हा हेड अजून काचेवरच होतं. पुण्याला न्यायचं ठरलं, तर दारातली गाडी उघडी पडलेली. मीच एक ट्रक थांबवला. वहिनींना पुढे बसवलं, मिस्त्री मागे ताडपत्रीखाली बसला. नवव्या दिवशी तो एकटा परत आला. डॉक्टर म्हणाले होते की दोन दिवस आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. हे मिस्त्रीनेच मला सांगितलं. त्याचा त्यावर विश्वास होता का, ते मला कधी कळलं नाही.

दिवस झाल्यावर त्याने हेड बसवलं. मोठा कार्बोरेटरही त्याच आठवड्यात बसवला. सोमवारी एकटाच खोपोलीला उतरला. मी पंप सोडून सडकेवर येऊन उभा राहिलो होतो, का ते मलाही माहीत नाही. गाडी आली. मिस्त्री खिडकीतून माझ्याकडे बघत राहिला.

"साडेबावीस, भाऊ," तो म्हणाला. "दीड मिनिट."

आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. वहिनी गेल्यापासून तो रडला नव्हता. मला तेव्हा जे समजलं ते असं, आणि तेच खरं होतं: ज्या आठवड्यांत ती आत खोकत होती त्या आठवड्यांत हा बाहेर लोखंड घासत होता. त्या घासण्याचं काही झालं नसतं तर तो ते कुठे घेऊन गेला असता? दीड मिनिटाने त्याला जगायला जागा दिली.

तेव्हापासून गाडीतल्या पुढच्या सीटवर त्याने कुणाला बसू दिलं नाही. खोपोलीला माझं काही काम निघालं की मी मागे बसायचो, ऐसपैस, शेठजीसारखा. चहावाला हाका मारून विचारायचा, मिस्त्री कधीपासून ड्रायव्हर झाले? मिस्त्री गिअर टाकून निघायचा. सोमवारी वेळ घ्यायला मात्र तो एकटाच जायचा. घड्याळ समोरच्या फळीवर डबीतच उघडं ठेवायचा. वहीतलं अक्षर बदललं होतं, बारीक, तिरकं आणि चुकांनी भरलेलं. पण आकडा कायम होता. साडेबावीस, बावीस पंचवीस, साडेबावीस. चार वर्षं.

चार वर्षांत त्याने आणखी काय काय केलं. सगळं वहीत आहे. आकडा आणखी खाली का येत नाही, याचं त्याला कोडं पडायचं. पण मिळालेलं दीड मिनिट हललं नव्हतं, आणि त्याच्यावर तो दिवस काढत होता. मध्यंतरी वहिनींच्या माहेरचं गाव पवनेच्या धरणाखाली येणार म्हणून लोक उठून दुसरीकडे गेले. तिकडून येणारं-जाणारं उरलेलं एखादं माणूसही बंद झालं.

मुंबईचा एक शेठ हवापालटाला लोणावळ्याला यायचा. त्याच्या टॅक्स्या होत्या, आणि नेमक्या मिस्त्रीच्या गाडीच्याच जातीच्या. त्याच्या कानावर दीड मिनिटाची कीर्ती गेली. माणूस सरळ होता. म्हणाला, माझा भाचा कॉलेजात इंजिनांचं शिकवतो. त्यांच्याकडे ताकद मोजायचं यंत्र आलंय. तुमची गाडी त्यावर चढवू. यंत्र हो म्हणालं तर माझ्या सगळ्या गाड्या तुमच्या हाताखाली, आणि मुंबईत पक्की जागा. मिस्त्रीने विचार करायलाही वेळ घेतला नाही. मला म्हणाला, पन्नास घोडे तर कुठे जात नाहीत, तुम्ही साक्षीला चला. मी पंप मालकाच्या मेहुण्यावर सोपवला आणि मागच्या सीटवर बसलो.

यंत्र म्हणजे जमिनीत बसवलेले दोन लोखंडी रूळ. त्यांवर गाडीची मागची चाकं चढवायची, गाडी साखळ्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. एका मोठ्या तबकडीवर काटा फिरतो. भाचा तिशीच्या आतला, चष्मा लावणारा, नम्र मुलगा. मिस्त्री त्याला सर म्हणायला लागला, म्हणून मीही म्हटलं. सरांनी आधी शेठची एक टॅक्सी चढवली, जिला कधी कुणी हात लावला नव्हता. काटा साडेबत्तीसवर थांबला. पुस्तकातले चाळीस चाकापर्यंत येता येता इतकेच उरतात, असं सरांनी सांगितलं. मग आमची गाडी चढवली. इंजिन गरजलं, मिस्त्रीने सवयीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काटा तेहतीसवर होता.

तीन वेळा चढवली. तेहतीस.

सर बिचारे दुपारभर खपले. त्यांनी सांगितलेलं मला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल. हेड घासल्यामुळे धक्का जोराचा झाला, पण आपलं पेट्रोल हलकं. चढावर इंजिन खडखडायला लागलं असणार, म्हणून मिस्त्रीने ठिणगी उशिरा पडेल असं केलं. म्हणजे एका हाताने मिळवलं ते दुसऱ्या हाताने परत दिलं. कार्बोरेटर मोठा बसवून इंजिनाचं नाक मोठं केलं, पण श्वास सोडायची नळी जुनीच, अरुंद. आणि लोणावळ्याची हवा विरळ. तिथे कानाने लावलेलं पेट्रोल इथे समुद्राकाठी कमी पडतं. ते सगळं सरांनी स्वतःच्या हाताने जुळवून दिलं. काटा साडेचौतीसला गेला. शेठने चहा पाजला, पुन्हा बघू म्हणाला आणि निघून गेला.

मिस्त्रीचा आवाज चढला नाही. त्याने पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाला, यंत्र खोटं असेल, ही बघा. सरांनी वही पहिल्या पानापासून वाचली. पानं उलटताना ते एका ठिकाणी थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. अक्षर बदलत होतं, तिथेच.

"गाडीत दर वेळी किती माणसं होती?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रीने वही स्वतःकडे वळवून घेतली.

"हे लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो."

"आधी दोन," मिस्त्री म्हणाला. "मग एक."

दुसऱ्या माणसाचं वजन साधारण किती, असं सरांनी विचारलं. त्यांना काय माहीत. मिस्त्रीने वहीतून ते जाड तिकीट काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. सरांनी फळ्यावर गणित मांडलं. गाडीचं वजन, त्यात चव्वेचाळीस. चढावर एवढं वजन कमी झालं की जवळजवळ एक मिनिट वाचतं. उरलं अर्धं. वाटेत कुठे थांबायचात का?

"थांबत नव्हतो. शिंगरोबाला हळू करायचो. ती पैसा टाकायची."

"आणि नंतर?"

"नंतर न्हाई."

सरांनी तिकीट उचललं, उलटं केलं, मागचं भविष्य वाचलं. मग त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी ते दोन्ही हातांनी परत दिलं आणि फळा पुसायला वळले. मला त्या मुलाचा इतका राग आला होता की सांगता येत नाही. चुकला कुठेच नव्हता, म्हणून जास्त आला. जाताना त्याने मिस्त्रीला एवढंच सांगितलं, की पुन्हा करायचं ठरवलंत तर बाकी सगळं तेच ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

खोपोलीपर्यंत तसेच आलो. मी मागे, तो पुढे. वडापाशी त्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि पुढचं दार उघडून धरलं.

"पुढं या, भाऊ."

मी उतरलो. पुढे जाऊन बसलो. तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुमी तिच्याहून लय जड. पन चालंल." आणि डबीतलं घड्याळ माझ्या हातात दिलं.

आम्ही निघालो. शिंगरोबाला त्याने गाडी मुंगीच्या पावलांवर आणली. मी खिशातून नाणं काढलं. कपाळाला लावलं, फळीला लावलं, टाकलं. नेम चुकला, नाणं पायरीवरून खाली घरंगळलं. मिस्त्रीने ते नीट थांबेपर्यंत बघितलं आणि मग गाडी पुन्हा चढाला घातली. मैलाच्या दगडाशी मी काटा बघितला.

"किती?"

मी खोटं बोललो असतो तर त्याला कळलं नसतं. साडेबावीस म्हणायला माझ्या जिभेला काही लागत नव्हतं. पण आयुष्यभर मापाने पेट्रोल दिलेला माणूस मी, आणि तो माझ्याकडे बघत होता.

"चोवीस मिनिटं. वर दहा सेकंद."

त्याने इंजिन बंद केलं. खाली दरीत कुठेतरी आगगाडी चढत होती, तिचा आवाज येत राहिला.

"म्हंजे चार वर्सं," तो म्हणाला, "ती गाडीत न्हाई, तेवढंच मी मोजीत हुतो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. घड्याळ हातात धरून बसून राहिलो. आजही ते मला टोचतं.

पुढे काही महिने त्याने स्वतःच्या गाडीला हात लावला नाही. लोकांच्या गाड्या करायचा, इंजिनं ऐकायचा, पण "घाटाला इचारा" म्हणणं सोडलं होतं. मी जाऊन डब्यावर बसलो तर बसू द्यायचा. आम्ही दोघं समोरचा पाऊस बघत बसायचो. वहिनींचं नाव मी काढलं नाही आणि त्याने काढलं नाही.

मग एक दिवस तो पोत्यात नदीची वाळू भरून वाण्याच्या दुकानात गेला. तराजूवर पोतं चढवलं, ओंजळभर वाळू काढली, थोडी घातली, बरोबर चव्वेचाळीस किलो केलं आणि पोत्याचं तोंड सुतळीने शिवलं. ते पोतं त्याने गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं आणि पडू नये म्हणून दोरीने बांधलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून तसल्याच गाडीचं न घासलेलं हेड आणलं. जुना कार्बोरेटर परत बसवला. सगळं पहिल्यासारखं केलं आणि सोमवारी खोपोलीला उतरला.

लोक हसले. मिस्त्री वाळूच्या पोत्याला हवा खायला नेतो, म्हणाले. चहावाल्याने विचारलं, नवरी कुठल्या नदीची? मी त्याच्या अंगावर धावून गेलो. पंपावरच्या माणसाने असं करू नये, पण गेलो. मिस्त्री मात्र हसणाऱ्यांकडे बघत नसे. शिंगरोबाला आता तो स्वतःच पोत्याच्या वरून हात लांब करून नाणं टाकायचा. मला म्हणाला, ती असतानाचं माप घ्यायचं तर तिचं सगळं धरायला पाहिजे, अर्धं मिनिटसुद्धा.

वहीत नवं पान सुरू झालं. एक रकाना वाढला, त्यावर लिहिलं होतं, गाडीत कोण. पहिला आकडा चोवीस. मग एका वेळी एक. आधी धूर जायची नळी रुंद केली, आणि महिनाभर दुसऱ्या कशाला हात नाही. मग हेड घासलं, पण अगदी थोडं, पेट्रोलला सोसेल इतकंच. मग ठिणगीची वेळ, मग कार्बोरेटर. कधी पाच सेकंद मिळायचे, कधी दहा परत जायचे. गेले तर तो ते उतरवून ठेवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. जवळजवळ तीन वर्षं हे चाललं होतं. सीटला पोत्याच्या आकाराचा खळगा पडला.

एका सोमवारी तो गाडी शेडकडे न नेता थेट माझ्या पंपावर घेऊन आला. मी दांडा सोडून पुढे झालो.

"बावीस चाळीस," तो म्हणाला.

मी पोत्याकडे बघितलं. ते होतं. शिंगरोबाचं विचारलं. टाकला पैसा, म्हणाला. मला काय करावं कळेना. मी आत जाऊन चहा ठेवला, आणि साखर दोनदा घातली. तो गाडीतून उतरलाच नाही. पोत्याच्या शेजारी बसून चहा प्यायला.

"म्हंजे व्हत हुतं, भाऊ," तो म्हणाला. "तवाबी व्हत हुतं. ती बसल्याली असताना."

मी म्हटलं, मुंबईला सरांना कळवू या, शेठला कळवू या. मी पत्र लिहितो, माझं अक्षर चांगलं आहे. तो नको म्हणाला. त्यांना कशाला, घाटाला कळलं. बऱ्याच वर्षांनी त्याच्या तोंडून घाटाचं नाव आलं म्हणून मी पुढे काही बोललो नाही.

त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात तो गेला. दोन दिवस शेड उघडली नाही. तिसऱ्या दिवशी मी आणि चहावाल्याने पत्रा सरकवला. अंथरुणात शांत पडलेला होता, उशाशी तो लांब स्क्रू-ड्रायव्हर. बेडशाहून पुतण्या आला. चांगला मुलगा, शेतीत रमलेला. हत्यारं त्याने विकली. गाडी एका भंगारवाल्याला दिली. भंगारवाला ट्रकला दोर बांधून ती ओढून न्यायला आला तेव्हा म्हणाला, हे पोतं काढा, उगाच वजन. मी पुढे झालो. दोरी सोडली, पोत्याखाली हात घातले. चव्वेचाळीस किलो म्हणजे फार नाही. मी दिवसाला त्याहून जड पिंपं हलवायचो. पण ते मला उचलवलं नाही. असू द्या, म्हटलं, तिथेच असू द्या. भंगारवाल्याने खांदे उडवले आणि गाडी तशीच नेली.

पुतण्याकडे मी वही तेवढी मागून घेतली. घड्याळ तो घेऊन गेला, ते त्याचंच होतं. वही आता माझ्याकडे साताऱ्याला आहे, तिकीट अजून आत आहे. नव्या रकान्यात, गाडीत कोण या मथळ्याखाली, तीन वर्षं ओळीने एकच मजकूर आहे, बारीक तिरक्या अक्षरात: मी, पोतं. मी, पोतं. मी, पोतं. पानंच्या पानं तसंच.

शेवटची ओळ बावीस चाळीसची आहे. तिथे त्याने लिहिलंय, दोघं.